आरवल्याशिवाय

“अहो रंगराव, कोंबड्याला सर्दी झालीय काय? फाटकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!”

मुकादम असं म्हणाला आणि हमालांची टोळी खो खो हसली. ट्रकच्या बंपरसमोर उभ्या असलेल्या रंगरावाने घसा खाकरला, दोन्ही हात कोपरात दुमडून काखेशी धरले, मान वर केली आणि डोळे मिटून पुन्हा आरवला. गोदामाच्या खिडकीत दोन कारकून चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांचा चहा या कार्यक्रमाशिवाय आता गळ्याखाली उतरत नसे.

“हां, आता कसं! चला रे, लावा हात.”

रंगराव धावत केबिनमध्ये चढला. चावी अर्धी फिरवली, क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला. मागून टोळीने ट्रक रेटला. चाकं जरा वेगात आली तसा त्याने क्लच सोडला. ट्रकने एक गचका खाल्ला, काळा धूर ओकला आणि इंजिन सुरू झालं. आता संध्याकाळपर्यंत ते बंद करायचं नाही. माल भरताना नाही, उतरवताना नाही, जेवताना नाही. एकदा बंद पडलं की परक्या गावात आरवायचं कुणापुढे?

रंगराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या ट्रकचं वय झालं होतं, पत्र्याला जागोजागी ठिगळं होती, पण रंग मात्र कायम ताजा. इतर ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी झोपा काढत, हा ब्रश घेऊन बसे. मागच्या फाळक्यावर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या फळीवर, कुणाचा चिखलाचा पाय पडला की याचा जीव खालीवर व्हायचा. म्हणून आवारातल्या कुणीतरी त्याला रंगराव म्हणायला सुरुवात केली आणि नाव चिकटलं. त्याला ते आवडायचंही, हे त्यातलं वाईट.

आणि खरं सांगायचं तर माणूस काही गरीब गाय नव्हता. आजचा मुकादम तेव्हा साधा हमाल होता. एकदा पाठीवर पोतं असताना तो ओल्या पायांनी फाळक्यावर चढला. रंगरावाने सगळ्यांसमोर त्याला खाली उतरवलं आणि पावलांचे ठसे त्याच्याच खांद्यावरच्या पंचाने पुसायला लावले. पुसून झाल्यावर म्हणाला, “टाक आता खांद्यावर. शोभतो.” त्याने तो चिखलाचा पंचा मुकाट्याने खांद्यावर टाकला. रंगराव हे संध्याकाळपर्यंत विसरला. दुसरा विसरला नाही, आणि पुढे तो मुकादम झाला.

मग एका सुट्टीच्या दुसऱ्या सकाळी ट्रकने सेल्फ घ्यायचं बंद केलं. चावी मारली की नुसतं ‘टक्’. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण इंजिन एवढंसुद्धा फिरेना. रंगरावाने आधी बॅटरी बदलली. टक्. इंजिन फिरवणारी मोटर, म्हणजे सेल्फ, खाली उतरवून आतून नवा करून आणला. टक्. आवारातल्या मिस्त्रीने कान खाजवला, ट्रकखाली जाऊन आला आणि म्हणाला, “फ्लायव्हीलचे दात झिजले असणार. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. काढू का?” तेवढा खर्च रंगरावाच्या आवाक्यातला नव्हता. धक्का मारला की गाडी निघत होती. म्हणून त्याने धक्क्यावर भागवायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी त्याने नेहमीच्या आवाजात हुकूम सोडला, “चला रे, जरा ढकला.” कुणी हललं नाही. मुकादम पोत्यावर बसून दात कोरत होता.

“असं नाही, रंगराव. जरा गोड बोला की.”

दुसऱ्या दिवशी हात जोडून झाले. मग एका हमालाने गाणं म्हणायला लावलं. मग कुणाच्या डोक्यातून ते कोंबडं निघालं देव जाणे, पण मुकादमाला ते फार पसंत पडलं. “सकाळची वेळ आहे, बरोबर आहे,” तो म्हणाला, “कोंबडं आरवल्याशिवाय गाडी हलायची नाही.” रंगरावाने त्या दिवशी नकार दिला. खिडक्यांच्या काचा वर करून तो केबिनमध्ये बसून राहिला. दुपार झाली, त्याच्या वाटणीचा माल दुसऱ्या ट्रकमध्ये भरला गेला. दुसऱ्या सकाळी तो आरवला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण हरीला निदान गाढवासारखं ओरडायला तरी कुणी लावलं नव्हतं.

पुढे पुढे ती आवाराची रीतच झाली. पंख फडफडवायचे, एका पायावर उभं राहायचं, आवाज बारीक आला तर परत. घरी त्याची बायको रोज संध्याकाळी मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला लावायची.

“अहो, घसा सारखा कसा बसतो तुमचा?”

“धुळीने. दुसरं काय?”

मुलगी पलीकडे बसून पुस्तकाला पुठ्ठा घालत असायची. तिला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली होती. शाळा दुसऱ्या गावी, राहणंही तिथेच. ती लहान असल्यापासून रंगराव तिला सांगत आला होता की तू शिकायला जाशील ना, तेव्हा तुला माझ्या ट्रकमधून सोडायला येणार, बसनं नाही. आता दिवस ठरला होता. ट्रकला त्याच दिशेची फेरीही मिळाली होती. आणि ट्रक तर आवारात, मुकादमाच्या टोळीच्या तोंडी उभा. मुलीच्या देखत आरवायची रंगरावाची तयारी नव्हती. एक दिवस, फक्त तेवढा एक दिवस, गाडी चावीने निघाली पाहिजे, एवढंच त्याचं मागणं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी हमालांची सुट्टी होती. आवार ओस पडलं होतं. दुसऱ्या एका गाडीचे दिवे बघायला म्हातारा वायरमन आला होता, त्याला रंगरावाने अक्षरशः हाताला धरून आणलं.

“मार चावी,” वायरमन म्हणाला.

टक्.

“दिवे लाव आणि मार.”

टक्. दिवे जसेच्या तसे लख्ख राहिले. वायरमन त्या दिव्यांकडे बघून हुंकारला. त्याने पिशवीतून जाड केबल काढली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं सरळ इंजिनाच्या अंगाला चिमट्याने धरलं.

“गिअर काढलायस ना? मार आता.”

रंगरावाने चावी फिरवली. इंजिन धडाधड फिरलं आणि एका दमात सुरू झालं. रंगरावाचा हात चावीवरच राहिला. चावीने गाडी सुरू होण्याचा तो आवाज त्याने इतक्या दिवसांत ऐकला नव्हता. त्याला एकदम रडू फुटलं आणि ते इंजिनाच्या आवाजात खपून गेलं.

इंजिन बंद करवून वायरमन गाडीखाली शिरला. “इकडे ये,” आतून हाक आली. रंगराव पालथा होऊन आत गेला. इंजिनापासून चासीपर्यंत, सेल्फचा करंट बॅटरीकडे परत नेणारी, तांब्याची विणलेली पट्टी जाते, तिचं टोक वायरमनने पान्याने सैल केलं होतं. पट्टीखाली चासीवर छान, गुळगुळीत आकाशी रंग होता.

“हा रंग कुणी मारला?”

“मी. सुट्टीच्या दिवशी मारला.”

“पट्टी काढून मारलास?”

“हो. नीट लागावा म्हणून.”

“आणि रंग वाळल्यावर त्याच्यावरच पट्टी आवळलीस.” वायरमन हसत सुटला. “अरे बाबा, रंगातनं करंट जातो होय? बोल्टाच्या आट्यांतनं थोडासा जातो, टक् होण्यापुरता. सेल्फला लागतो भडाभडा, तो कुठनं जाणार? दात झिजले म्हणे! काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

त्याने पॉलिश पेपरने तेवढा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, पट्टी परत आवळली. काम विडी ओढून होण्याआधी संपलं. रंगराव मात्र बराच वेळ गाडीखालीच पडून राहिला. इतक्या दिवसांचं एवढं आरवणं, आणि कशापायी? त्याच्याच हातच्या रंगापायी. नवी बॅटरी, नवा सेल्फ, सगळं फुकट. पण मग उद्याची सकाळ डोळ्यांपुढे आली आणि तो बाहेर येऊन बसला. मुलगी शेजारी बसलेली असेल, टोळी हात चोळत उभी असेल, मुकादम म्हणेल, चला रंगराव, आणि आपण नुसती चावी फिरवू. मुकादमाचं तोंड कसं होईल ते त्याने तिथेच बसून दोन-तीनदा मनात बघून घेतलं. घरी त्याने कुणाला काही सांगितलं नाही. गुळण्या मात्र केल्या, बायकोला संशय नको म्हणून.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी आवारात गेला. काच पुसली, मुलीच्या सीटवर धुतलेली चादर अंथरली. ती आईचा निरोप घेऊन रिक्षाने मागून येणार होती. हात काळे झाले होते म्हणून तो गोदामामागच्या नळावर गेला, साबणाने कोपरापर्यंत धुऊन इस्त्रीचा शर्ट चढवला आणि चावी मुठीत घेऊन परत निघाला. ट्रकच्या मागच्या बाजूला पोचला तोच पलीकडून मुकादमाचा आवाज आला.

“कोण गं तू, पोरी?”

“या ट्रकवाल्यांची मुलगी. बाबा कुठे आहेत?”

“असतील इथंच. सामान ठेव वर. पण गाडी निघायला वेळ आहे हं. तुझा बाप आरवल्याशिवाय ही गाडी हलत नाही.”

“म्हणजे?”

कुणीतरी करून दाखवलं. टोळी हसली. ट्रकखालून रंगरावाला फाटक्या चपलांच्या घोळक्यात तिचे नवे सॅंडल दिसत होते. ते जागचे हलले नाहीत.

“रोज?” तिने विचारलं.

“सुट्टी सोडून रोज. फार सुरेख आरवतात. ऐकशील आता.”

मग तिचा आवाज आला, नीट, स्पष्ट. “मी केलं तर ढकलाल?”

“अगं, राहू दे,” एक म्हातारा हमाल पुटपुटला.

“ते यायच्या आत उरकू या. त्यांना आज नका करायला लावू. आणि मी केलं हेही सांगू नका.”

रंगरावाला दोन पावलं पुढे टाकायची होती. फक्त दोन पावलं, आणि चावी. पण पुढे गेलं की तिला कळणार, बाबांनी सगळं ऐकलं. शरमेने त्याचे कान तापले आणि तेवढ्यात वेळ निघून गेली.

“कर की मग,” मुकादम म्हणाला. “जोरात कर.”

ती आरवली. तिला ते जमलं नाही. आवाज मधेच फुटला. हसायला यावं असंच ते झालं होतं, आणि टोळीतली निम्मी माणसं हसली.

“फाटकापर्यंत गेलं पाहिजे,” मुकादम म्हणाला. “परत.”

ती परत आरवली. या वेळी फाटकापर्यंत गेलं.

रंगराव मागच्या चाकाला टेकून उभा होता. मग त्याने मोठ्याने खोकून घेतलं, जणू आत्ताच येतोय, आणि वळसा घालून पुढे आला.

“आलीस होय गं?”

“आत्ताच.” तिचा चेहरा लाल झाला होता. “हे काका ढकलतो म्हणाले.”

“आज तुम्हाला माफी, रंगराव,” मुकादम दुसरीकडे बघत म्हणाला. “पोरगी शिकायला चाललीय म्हणून.”

दोघं केबिनमध्ये चढली. रंगरावाने चावी लावली, अर्धी फिरवली. समोर तांबडा दिवा लागला. आणखी थोडी फिरवली की झालं. कालपासून त्याने याच क्षणाची वाट बघितली होती. शेजारी मुलगी मांडीवर पिशवी घट्ट धरून सरळ समोर बघत होती. आता चावीने गाडी निघाली तर ती कशासाठी आरवली होती? आणि गाडी कालच नीट झाली होती हे कधीतरी तिला कळलं तर?

त्याने चावीवरून हात काढला. क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, “ढकला.”

ट्रक गचका खाऊन सुरू झाला. दोघं फाटकाबाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली.

“बाबा, हे नीट होत नाही का?”

“होईल की. मोठं काम आहे जरा.”

“मग करून घ्या ना. मी सुट्टीला येईपर्यंत.”

“हो. घेतो करून.”

शाळेच्या फाटकाशी त्याने तिची ट्रंक उतरवली, वळकटी उतरवली, पाण्याची बाटली हातात दिली. ट्रक रस्त्याच्या कडेला धडधडत उभा होता. दारवान कपाळाला आठ्या घालून बघत होता.

“थोडा वेळ बंद करा ना गाडी,” ती म्हणाली. “नीट बोलता तरी येईल.”

“नको गं. मग इथं ढकलायला कोण आहे?”

ती वाकून पाया पडली, ट्रंक आणि वळकटी उचलली आणि आत निघाली. फाटकातून मागे वळून तिने काहीतरी सांगितलं. इंजिनाच्या आवाजात त्याला एक शब्दही ऐकू आला नाही. त्याने हो म्हणून मान हलवली.