सुभेदारांचं थोडंसं

सुभेदार लालासाहेबांच्या घरात 'लय दुखतंय' म्हणायची चोरी होती. कुणी नुसतं आई गं म्हटलं की म्हातारा बर्फातली चौकी काढायचा. "तिथं बोटं काळी पडून गळायची, पोरी. त्या मानानं ह्ये काय हाय?" सून साक्षी बी.एस्सी. झालेली. सापेक्ष हा शब्द तिनं पुस्तकात वाचला होता. पण जगातलं यच्चयावत दुखणं असं सापेक्ष करून किरकोळीत काढणारा माणूस तिनं सासरीच पाहिला. सासूबाईंच्या छातीतली कळही सकाळी अशीच किरकोळीत निघाली, आणि दुपारी त्या गेल्या. तेव्हा आपण गप्प बसलो, हे साक्षीला अजून खात होतं.

पुढं एके सकाळी सोप्यात भुईवर झोपलेला म्हातारा उठला तो पोट धरूनच.

"आवं आबा, काय होतंय?"

"काय न्हाई. जरा कळ हाय. त्या मानानं..."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. म्हाताऱ्याच्या पापण्या मिटत होत्या. झोप झाली न्हाई, एवढंच तो पुटपुटला. नवरा सरहद्दीवर, विचारणार कुणाला? तिनं शेजारच्या कृष्णातची जीप बोलावली आणि सासऱ्याला अक्षरशः ओढत साताऱ्याला नेलं.

दवाखान्यात ही गर्दी! तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती दुखतंय, आजोबा?"

"थोडंसं."

"मग बसा बाकावर."

आणि बसला की हो म्हातारा! बोट कापलं म्हणून बोंबलणारा एक बाप्या आधी आत गेला. इकडं सुभेदारांची मान छातीवर कलली.

साक्षीनं डॉक्टरीणबाईंचा हातच धरला. "बाई, ह्यांचं थोडंसं म्हंजे दुसऱ्याचं मरण असतंय! डोळं उघडंनात, बघा तरी!"

बाईंनी पापणी वर केली. सोडली तशी ती पुन्हा खाली पडली.

"रात्री कुठं झोपले होते?"

"भुईवर."

बाईंचा चेहरा उतरला. "मण्यार चावली असणार. तो साप चावलेला कळतसुद्धा नाही." धावपळ सुरू झाली. सलाईन लागलं, नळ्या आल्या. "आजोबा, श्वास घेता येतोय का?"

म्हाताऱ्याचे ओठ नुसतेच हलले. बर्फातली ती चौकी शोधत असावा. मग जड जिभेनं म्हणाला, "लय... लय दम लागतोय, पोरी."

"बाई, आबा 'लय' म्हणालं!" साक्षी ओरडली. "आजवर कधी म्हणालं न्हाईत!"