बाहेरची कडी

"बाहेरून," साहेब म्हणाले. "कडी बाहेरून बसवायची."

मिस्त्री कडी हातात धरून तसेच उभे राहिले. तीस वर्षं सुतारकाम केलं, पण झोपायच्या खोलीला बाहेरून कडी लावायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"बायको झोपेत चालते हो. उगाच जिन्यावरून पडायची." साहेब छान हसले. बोलायला माणूस अगदी लोण्यासारखा. बायको खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. तिचा ओठ सुजला होता आणि तिची नजर नवऱ्याच्या हातावरून हलत नव्हती.

विशीत असताना थोरल्या बहिणीच्या घरी मिस्त्रींनी अशीच कडी पाहिली होती. मेहुण्यांनी चहा दिला, यांनी तो मुकाट्याने प्यायला आणि घरी येऊन आईला सांगितलं, ताई मजेत आहे. त्या चहाबद्दल त्यांनी स्वतःला कधीच माफ केलं नाही. आज हात जोडून निघून जाता आलं असतं. पण मग साहेबांनी दुसरा सुतार आणला असता, आणि त्या बिचाऱ्याने काम इमानेइतबारे केलं असतं.

"स्क्रू चांगले लांब लावा," साहेब म्हणाले. "हलता कामा नये."

"दोन इंची आहेत." मिस्त्रींनी तळहातावर धरून दाखवले. काम करताना स्क्रू ओठांत धरायची त्यांची जुनी खोड. आज ओठांत होते ते अर्ध्या इंचाचे. चौकटीला त्यांनी भोकं पाडली, तीही जरा मोठीच. साहेब मानेवर श्वास लागेल इतके जवळ उभे होते. मिस्त्री उगाच मापं घेत राहिले. शेवटी साहेबांचा फोन वाजला, ते पाठ करून बोलायला लागले, आणि आखूड स्क्रू कोयंड्यात जाऊन बसले. लांब स्क्रू खिशात गेले.

"आता मी आत जातो, तुम्ही कडी घाला. दार बाहेर उघडतं ना? आतून ढकलून बघू."

साहेबांनी बाहेरून कडी घातली. मिस्त्रींनी दाराला हातही लावला नाही. दाराच्या बाजूच्या चौकटीवर त्यांनी धाडकन बुक्की मारली.

"ताई, स्क्रू आखूड आहेत," ते कुजबुजले. "खांद्याने एक धक्का द्या, कोयंडा निखळेल."

"जोरात, मिस्त्री!" बाहेरून आवाज आला. "लाजताय काय?"

धाड. "ते कामाला गेले की निघा. सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरकडे जा. त्या ठेवून घेतात, पोलिसातही सोबत येतात."

ती दारापाशी आली. "नाही निघालं तर? मारून टाकेल तो मला."

"निघेल. माझ्या हातचं काम आहे ताई, किती कच्चं आहे ते मला ठाऊक आहे."

धाड. बाहेरून कडी निघाली. साहेबांनी मिस्त्रींच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली, आणि त्यांना ती थाप घरी जाऊन आंघोळ करेपर्यंत सलत राहिली.

पुढचे तीन दिवस मिस्त्रींना घास गिळवेना. विचारणार कुणाला? दवाखान्याकडे फिरकायचं म्हणजे साहेबांना वाट दाखवल्यासारखं.

चौथ्या दिवशी साहेब दुकानात शिरले ते कोयंडा हातात घेऊनच. लेकीच्या नव्या घराची दारं सांगायला आलेल्या एक काकू समोर बसल्या होत्या.

"याला काम म्हणतात?" साहेबांनी कोयंडा टेबलावर आदळला. "एका धक्क्यात बाहेर! बायको गेली माझी पळून! आखूड स्क्रू मारून फसवतोस?"

काकूंनी मापांचा कागद हळूच पर्समध्ये घातला आणि त्या उठल्या. मिस्त्रींना ते फार लागलं. आजवर त्यांच्या कामात कुणी खोट काढली नव्हती.

"चुकलं साहेब," ते खालमानेने म्हणाले. "वय झालं. नजर दगा देते."

साहेब रस्त्यावर जाऊनही शिव्या देत राहिले. आजूबाजूचे दुकानदार बाहेर येऊन बघू लागले. मिस्त्री दारात उभे राहून सगळं निमूटपणे ऐकत होते. तीन दिवस ज्या बातमीसाठी जीव टांगणीला लागला होता, ती त्यांना मिळाली होती.