कॅसेटवर रडायचं नाही

मी मिरकरवाड्यातल्या अलीच्या घरचा टेपरेकॉर्डर. माझं बटण दाबायला आता कोणी फिरकत नाही, म्हणून आपणहूनच बोलतोय.

कारखान्यातलं काही आठवत नाही. पहिली आठवण १९९८ची, अलीच्या मांडीवरची. तो बोटीवर खलाशी. दुबईच्या बाजारातून त्याने मला जपून घरी आणलं. पुढच्याच सफरीत तो अमेरिकेच्या एका बंदरात उतरला आणि बोटीवर परतलाच नाही. तिथल्या हॉटेलात भांडी घासू लागला. राहण्याचा परवाना नव्हता, त्यामुळे एकदा देश सोडला की पुन्हा आत शिरणं अशक्य.

मग तो माझ्यातूनच घरी येऊ लागला. कॅसेट आली की त्याची बायको सुरय्या मला खिडकीत ठेवायची. समुद्राची गाज आणि त्याचा आवाज अशी काही मिसळ व्हायची की मलाच डुलकी लागायची. इकडूनही कॅसेट जायची, पण कॅसेटवर रडायचं नाही, हा वाडीतला रिवाज. दूरच्या माणसाला जड शब्द पाठवू नयेत म्हणे. छप्पर गळो, ताप येवो, सुरय्या म्हणायची, "इथलं सगळं बेस हाय." माणसं यंत्राशीसुद्धा खोटं बोलतात, याचं मला हसू यायचं.

२००६ उजाडलं. माझ्याच पोटातल्या रेडिओने बातमी दिली. परवान्याशिवाय राहणं हा अमेरिकेत फौजदारी गुन्हा ठरवून माणसांना तुरुंगात टाकायचं घाटत होतं. ती बातमी माझ्या तोंडून गेली याची मला शरम वाटली.

लगोलग अलीची कॅसेट आली. "राहू का येऊ? तू सांगशील तसं."

"तिकडंच राहू दे. कायदा झाला तर बघू," दीर म्हणाले. घर अलीच्या कमाईवरच चालायचं. सुरय्याने रेकॉर्डिंग केलं, "इथलं सगळं बेस हाय. तुम्ही मनाला येईल तसं करा." आणि मला बंद न करताच लेकीला, तस्नीमला, कवटाळून ती हमसून रडली.

"मला काय नको गं. तुझे अब्बा घरात हवेत. त्यांना बेड्या घातल्या तर मी कुणाकडं जाऊ?"

मी चालूच होतो. बंद होणं माझ्या हातात नसतं.

कॅसेट ऐकून बघताना ते सगळं बाहेर आलं. "अम्मी, हे पुसते," तस्नीम म्हणाली. सुरय्याने तिचा हात धरला.

"राहू दे. एकदा ऐकू दे त्यांना."

मे महिन्यात अली दारात उभा राहिला. तो कायदा पुढे बारगळला. थोडी कळ काढायला हवी होती, असं वाडीत बोललं जाऊ लागलं. अली आता बंदरावर जाळी शिवतो, हातातोंडाची गाठ पडते इतकंच. एकदा दिरांनी विचारलंच, "कायदा झालाच नाय. पस्तावतोस?"

"कायद्याला भिऊन कोण आला?" अली म्हणाला. "ती कॅसेट ऐकेपर्यंत माझ्यावाचून तुमचं काय अडत नाय, असंच धरून चाललो होतो मी."

आत मासळी कापणाऱ्या सुरय्याचा हात थांबला.

माझा पट्टा तुटलाय, बटणं गंजलीत. मला भंगारात खुशाल द्या. पण तुमचं माणूस परदेशी असेल, तर फोनवर एकदा तरी त्याच्यापाशी रडा. नाहीतर ते बिचारं तिकडेच राहतं.