दाराला लावलेली वीट

मित्रांनो, मी एक जुनी भाजकी वीट आहे, आणि आजही कुणी मला उचललं की मी मनातल्या मनात ओरडते, 'खाली ठेव!'

माझा जन्म ओहायोतल्या एका भट्टीत झाला. तिथल्याच एका महाविद्यालयाच्या व्यायामशाळेच्या भिंतीत मी कित्येक वर्षं सुखानं होते. पुढे ती भिंत पाडली, आणि तिथल्याच विद्यार्थिनींच्या एका भगिनीमंडळानं, म्हणजे सॉरॉरिटीनं, मला उचलून नेलं. त्यांनी मला जांभळा रंग दिला, वर सोनेरी अक्षरं काढली. काय ते माझं कौतुक! मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू?

मग मला नियम कळला. मंडळात येऊ पाहणाऱ्या मुलीनं मला सगळीकडे बरोबर न्यायचं. वर्गात, जेवायला, अगदी न्हाणीघरातसुद्धा. टेबलावर ठेवलं तर चालेल, पण जमिनीला मी टेकता कामा नये. टेकले की तिचा प्रवेश संपला.

त्या वर्षी मी मॅरेनच्या वाट्याला आले. घरापासून लांब आलेली, भित्री, गोड पोर. मंडळाची अध्यक्ष कॅसिडी हिला मंडळाच्या रिवाजानं तिची थोरली बहीण म्हणून नेमलं होतं, आणि मॅरेन तिच्यावर जीव टाकायची. एकदा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ओल्या पानांवरून तिचा पाय घसरला. कठडा हाताशीच होता. पण तिनं दोन्ही हातांनी मलाच छातीशी आवळलं. अगं, सोड मला! कठडा धर! पण विटेचं कोण ऐकतं? तिचं कोपर मोडलं. मला साधा ओरखडाही नाही.

दवाखान्यातही ती मला सोडेना, तेव्हा डॉक्टरांना संशय आला आणि महाविद्यालयानं चौकशी लावली. प्रवेशासाठी मुलींचा छळ केल्याचा दोष सिद्ध झाला तर मंडळाला टाळं लागणार होतं. कॅसिडीनं सगळ्यांकडून उत्तर घोकून घेतलं.

"वीट दार आपटू नये म्हणून दाराला लावायची आहे, बस्स. आणि मॅरेन, तू आपली आपण घसरलीस. ताईला बुडवणार नाहीस ना गं?"

"नाही ताई," मॅरेन पुटपुटली.

माझा जीव टांगणीला लागला. ही खोटं बोलली, तर पुढच्या वर्षी मला घेऊन आणखी कुणाची तरी लेक पडणार.

चौकशीत डीन व्हिटकर बाईंनी मला टेबलावर ठेवलं. "ही वीट कशासाठी?"

"दाराला लावायला, मॅडम." सगळ्या एका सुरात म्हणाल्या. मॅरेनसुद्धा. मी आशाच सोडली.

"बरं झालं. हे दार मघापासून आपटतंय." बाईंनी मला उचललं आणि दाराशी वाकल्या. मी जमिनीपासून वीतभर वर असेन.

"नको! खाली नको!" मॅरेन किंचाळत धावली आणि चांगल्या हातानं तिनं मला खालून धरलं. मागे कॅसिडीही हात पसरून उभी राहिली होती.

"दाराला लावायची ना?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मग जमिनीला टेकली तर काय होतं, बाळ?"

मॅरेन हुंदके देऊन रडायला लागली. आणि रडत रडत तिनं सगळं सांगितलं.

मंडळाला टाळं लागलं, कॅसिडी निलंबित झाली. कितीतरी दिवस मॅरेनशी कुणी बोलेना. मी मात्र आता डीनबाईंच्या दाराशी असते, खरोखर जमिनीवर. तिथे मला मॅरेननंच ठेवलं.

मित्रांनो, 'तू आमची' म्हणण्याआधी कुणी तुमच्या हातात वीट दिली, तर माझं ऐका. ती खाली टाका आणि कठडा धरा. विटेला काही होत नाही हो.