छातीचा फोटो

लक्ष्मीबाईच्या मांडीतली कॅन्सरची गाठ काढून चार वर्षं झाली होती, आणि धाकट्या जावेनं, सरितानं, तिची एकही तारीख चुकू दिली नव्हती. लासूर स्टेशनहून सकाळची बस, संभाजीनगरात दवाखाना, डॉक्टर मांडी दाबून बघणार, मग छातीचा फोटो. "पाय बरा हाय तर छाती कशाला बघायची?" असं लक्ष्मीबाई दर खेपेला कुरकुरायची. डॉक्टर न कंटाळता सांगायचे, की हा आजार उलटला तर बहुतेक फुप्फुसात जातो, आणि लवकर सापडला तर काढता येतो. एवढं साधं होतं.

पण माणसाला साधं कधी पचलंय? माघात लेकीचं, दीपमालाचं, लग्न ठरलं आणि त्याच महिन्यात लक्ष्मीबाईला खोकला लागला. हळदीला अकरा दिवस उरले असताना तारीख आली. डॉक्टरांपुढं तिनं लवंग चघळत खोकला दाबला, आणि फोटोच्या खोलीबाहेर सरिताचा दंड धरला.

"तू जा आत. माझ्या नावानं उभी राह्य."

"अक्का, येड लागलं का तुम्हाला?"

"फोटोत काय निघालं तर लग्न मोडंल. म्हनतील, आईला हाय ते पोरीलाबी आसंल. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी मी येऊन काढते. तुझ्या लेकरांची आण."

आतून नाव पुकारलं. फोटो काढणारा कागद बघतो, तोंड कुठं बघतो? सरिता गेली, पाटीला छाती लावली, त्यानं सांगितल्यावर श्वास रोखला. फोटो लख्ख आला. "छान," डॉक्टर म्हणाले, "आता सहा महिन्यांनी या."

लग्न दणक्यात झालं. दुसरा दिवस गेला, दुसरा महिनाही गेला. आणि गंमत, गंमत कसली मेली, ही की लक्ष्मीबाईचाच त्या फोटोवर भरवसा बसला. आल्यागेल्याला पाकिटातून काढून दाखवायची, "बघा, काय बी नाय!" सरिता मागं लागली की खेकसायची, "कशाला अभद्र बोलती? जरा शुभ बोल की." सरितानं दुसऱ्या कुणाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आपलीही चोरी उघडी पडेल म्हणून भित्री गप्प बसली.

श्रावणात थुंकीत रक्त आलं. दीपमाला सासरहून धावत आली आणि दोघींना घेऊन दवाखान्यात गेली. स्कॅन झाला. डॉक्टरांनी जुना फोटो आणि नवा स्कॅन शेजारी लावले.

"तुमची काही चूक नाही," ते दीपमालाला म्हणाले. "तुम्ही वेळेवर येत होता. सहा महिन्यांपूर्वी काहीच दिसत नव्हतं, आणि आता दोन्ही बाजूंना पसरलंय. म्हणजे फार जोरात वाढतंय. अशात ऑपरेशनचा उपयोग नसतो."

सरिताला एकदम उमगलं. तिच्या फोटोपायी अक्काचं ऑपरेशन नाकारत होते! लक्ष्मीबाईनं पदराखाली तिचं मनगट आवळलं, नखं रुतवली. पण सरिताला राहवलं नाही.

"सायेब, त्यो फोटो अक्काचा नाय. माझा हाय. जोरात वाढत नसंल. पाया पडते, करा की ऑपरेशन."

डॉक्टरांनी स्कॅन पुन्हा बघितला, गाठी मोजायला लागले आणि मध्येच थांबले. "तेव्हा एखाददुसरी असती. बहुतेक काढता आली असती. आता हळू वाढो नाहीतर जोरात, इतक्या काढता येत नाहीत."

दीपमाला जुन्या फोटोच्या कोपऱ्यातली तारीख वाचत होती.

"काकू, हे तर माझ्या हळदीच्या आधीचं. माझ्यासाठी केलं का?"

नाही म्हणायचं सोडून सरितानं लक्ष्मीबाईकडं बघितलं. लक्ष्मीबाईनं लेकीला जवळ ओढलं, तर ती अंग चोरून मागं सरली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"मी तर मरनारच व्हते, सरिते," लक्ष्मीबाई म्हणाली. "माझ्या पोरीला कशापायी मारलंस?"