काठावरचा गुंड

सकाळी साडेसहाला पांढुर्ण्यातल्या या गल्लीत नळ आले नाहीत. मोठी पाइपलाइन फुटली होती. दुरुस्तीला दोन दिवस लागतील, असं भोंग्यावरून सांगत एक गाडी फिरून गेली.

इंदूबाईंनी फाटक सताड उघडलं. अंगणातल्या विहिरीच्या चाकाला तेल दिलं, नवा दोर ओवला. पूर्वी अख्खी गल्ली हेच पाणी पीत असे. घाईतला माणूस रिकामा गुंड, म्हणजे पाण्याची पितळी घागर, काठावर ठेवून जाई. मागून येणारा तो भरून ठेवी. घरोघरी नळ आले आणि फाटक वाजायचं थांबलं. पाणी शुद्ध राहावं म्हणून विहिरीत लाल दवा टाकणं इंदूबाईंनी तरीही सोडलं नाही.

मुलगा हर्षल नागपूरला. विहिरीवर स्लॅब टाकू, असा त्याचा आग्रह होता. आई एकटी, पाय घसरला तर कोणाला कळणारही नाही. शेवटी मायलेकांत ठरलं: नळ बंद पडतील तेव्हा पाहू. एक जरी माणूस पाण्याला आला, तर विहीर उघडी राहील.

नऊला कॅनवाल्याची गाडी आली. समोरच्या नलिनीने दोन कॅन उतरवून घेतल्या. इंदूबाईंनी तिला विहिरीचं सुचवून पाहिलं.

"काकू, लेकरायले आता कॅनचीच सवय. तुमचं पाजलं तर म्हणतीन, आई, या पाण्याले चव कायची आहे?"

दोघी हसल्या. नलिनीने दार लावून घेतलं.

संध्याकाळी हर्षलचा फोन आला. "आलं काय कोणी?"

"वाट पाहून राहिली."

उद्या सकाळी स्लॅब टाकायला गजेंद्र मिस्त्रीला पाठवतो, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाई अंगणात आल्या, तर काठावर रिकामा पितळी गुंड. बुडाला पोचा, नाव कोरलेलं नाही. त्यांनी तो विसळला, भरला, वर ताटली झाकली. मग गल्लीत विचारून आल्या. कोणीच आपला म्हणेना. तुमचाच असन, ठेवून विसरल्या असान, असं नलिनी म्हणाली. इंदूबाईंनी घरातली भांड्यांची मांडणी पुन्हा पाहिली. त्यांना खात्री देता येईना.

गजेंद्र सळया घेऊन आला.

"न्यायले येईन कोणी," इंदूबाई म्हणाल्या. "तवर थांब."

त्याने हर्षलला फोन लावला. संध्याकाळपर्यंत थांब, असं हर्षलने सांगितलं.

दुपारी दोनला नळ आले. गुंड काठावरच आहे, भरलेला. गजेंद्र फाटकाजवळ सळयांवर बसून आहे.