हिरव्या वायरचा पंखा

हिरवी वायर... पंख्याच्या जाळीला डाव्या अंगाने गुंडाळलेली, तीन वेढे आणि शेवटी एक पीळ, कारण तिथला स्क्रू कधीच गळून पडलाय – आणि हा पीळ आपणच दिलाय, पक्कड सापडत नव्हती तेव्हा दातांनी, हे मला फोटो मोठा करायच्या आधीच कळलं. स्क्रीनवर फोटोखाली नुसता घराचा नंबर. नावं नसतात. नाव दिसलं की तपासणारा हळवा होतो म्हणे. पण पंखा शेजारच्या शिलाईवाल्या काकूंचा होता, आणि पंख्यामागची भिंत आमची होती.

आमचीच. पोपडे दिसू नयेत म्हणून गेल्या वर्षीचं कॅलेंडर लावलेली.

टेबल पंखा : आहे. चार गुण. एकूण चौतीस. बत्तीसच्या वर गेलं की ते घर गरीब नाही, गरिबांच्या यादीतून बाहेर. म्हणजे धाकटी बहीण बाहेर. तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, हॉस्टेलची खोली, माफ झालेली फी, सगळं त्या यादीवर टांगलेलं. हरकत घ्यायची मुदत आज पाच वाजेपर्यंत.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण काढायची कुणावर? ह्या घराचं सर्वेक्षण चष्मेवाल्याने केलं होतं, दोन महिन्यांपूर्वी आमच्यात कामाला लागलेल्या. आणि चष्मेवाल्याला शिकवलं कुणी? मी. ह्याच खोलीत, खडू हातात घेऊन, छाती फुगवून – विचारू नका, बघा. लोक गरिबी वाढवून सांगतात. टीव्हीवर चादर टाकतात. दिसतं ते लिहा. साहेब तेव्हा म्हणाले होते, ह्याचा डोळा म्हणजे तराजू आहे. आणि तराजूला काय बरं वाटलं होतं त्या दिवशी! दोन दिवस तराजू हवेत होता.

"साहेब, हे घर माझं आहे."

साहेबांनी फोटो बघितला, चहाचा घोट घेतला. "अरे वा. म्हणजे तुझ्याकडची गरिबी हटली की."

"पंखा शेजाऱ्यांचा आहे."

"मग हरकतीचा फॉर्म ने, आईची सही आण. पंखा काढायला मला कितीसा वेळ लागतोय? आणि जाताजाता ते रंगाऱ्याचं घर उरलंय, तेवढं करून ये."

साहेबांच्या डोक्यामागे काचेच्या चौकटीतला तो आलेख. विषमतेची रेषा, दर वर्षी थोडी थोडी खाली उतरणारी, पाहुण्यांना दाखवायची. मी ती रोज बघतो, आज पहिल्यांदा वाटलं, काच फोडावी... ह्या उतारात किती पंखे उसने आहेत? किती खुर्च्या? माणसाने पाहुण्यासाठी घर आवरलं की देशातली दरी तेवढी बुजली, असं मोजतोय आपण. मोजतोय म्हणजे मीच मोजतोय. नऊशे घरं केलीत मी.

घरी जाताना मात्र सगळा राग आईकडे वळला, कारण तो तिकडेच वळतो, सोपं असतं. उसनं आणायची खोडच आहे तिला. चौथीत असताना बाई घरी आल्या होत्या, तेव्हा कुणाचीतरी फुलाफुलांची चादर पसरली होती हिने, आणि मी, अकलेचा कांदा, मोठ्याने म्हणालो होतो – बाई, ही आमची नाही. आई ओरडली नाही. बाई गेल्यावर तिने चादर झटकली, घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली...

आई दारात उजेडाला बसून शर्टांना बटणं लावत होती. कारखान्याचं काम, शंभर शर्टांचा गठ्ठा. धाकटी आत पुस्तक घेऊन आडवी.

"पंखा आणलास आणि पोरीचं हॉस्टेल घालवलंस तू!"

आईने दोरा दातांनी तोडला. "तुझ्या ऑफिसातला माणूस यायचा होता. घामाघूम बसवायचा होता का त्याला?"

"बसला असता! घाम पुसला असता, गेला असता!"

"आणि ऑफिसात सांगितलं असतं, ह्याच्या घरी साधा पंखा नाही."

"आता मला पंखाच द्या," आतून धाकटी. "नर्स नाही तर नाही, वारा तरी घालते लोकांना." तिच्या विनोदावर तीसुद्धा हसली नाही.

मी फॉर्म पुढे केला. आई वाचते, पण सावकाश, ओठ हलवत. मधली छापील ओळ : सर्वेक्षणाच्या वेळी मी खोटी माहिती दिली होती, हे मला मान्य आहे. तिचं बोट 'खोटी'वर थांबलं.

"मी कधी खोटं बोलले?"

"अगं, नुसती छापलेली ओळ आहे ती."

"त्याने विचारलं असतं ना, पंखा कोणाचा, तर सांगितलं असतं शेजारचा. मी काय चोरलाय? त्याने विचारलंच नाही. बघितलं, फोटो काढला, लिहिलं. मग खोटं कोण बोललं?"

"आई, पाच वाजेपर्यंत..."

"तिथे लिही, आम्ही विचारलं नाही. मग करते सही. दोनदा करते."

"अशी ओळ नसते फॉर्मवर."

"मग घाल. तूच आहेस ना तिथे?"

धाकटी उठून दारात आली होती. नुसती त्या कागदाकडे बघत होती. कागद उचलला आणि निघालो. पायात चपला नीट नव्हत्या तरी निघालो.

रंगाऱ्याचं घर वाटेवर. रंगारी कामावर, बायको घरात. लोकांच्या भिंती रंगवणाऱ्याच्या भिंतीवर वेगवेगळ्या रंगांचे उरलेसुरले पट्टे, आणि त्यांच्यासमोर दोन लालभडक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाठीवर पांढऱ्या रंगात कुणाचंतरी नाव. ह्यांचं नाही. अशी नावं मी शेकडो बघितलीत, बघून पुढे गेलोय. खुर्च्या : तीन गुण. टॅबवर दोनच चौकोन, आहे किंवा नाही. तिसरा चौकोन नाही. मी खुर्चीत बसलो आणि नऊशे घरांत जे एकदाही विचारलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं :

"ताई, ह्या खुर्च्या तुमच्याच का?"

ती पाणी घेऊन येत होती, तिथेच थांबली. ग्लासातलं पाणी हललं, आणि तिच्या चेहऱ्यावर आईचं तेव्हाचं ते आलं... घडी, कोपऱ्याला कोपरा. मान ताठ झाली.

"का हो? टोचतेय का?"

नाही म्हणालो. ग्लास घेतला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती, ऑफिस पाव तासावर, खिशात कागद, सहीची जागा कोरी. आईची सही मला येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर कैकदा केलीय, हुबेहूब, शेवटच्या अक्षराचा झोक सुद्धा. सकाळपासून हे माहीत होतं आणि सकाळपासून मी त्याच्याकडे बघत नव्हतो. पाच मिनिटांचं काम. धाकटी शिकेल. आणि आई कागदावर कायमची खोटी होईल, माझ्या हाताने, मोठ्याने, बाईंसमोर... ती परत घडी घालत बसेल. तिला कळलं नाही तरी घालेल.

पाणी संपलं. रंगाऱ्याची बायको उभीच होती, नजर न काढता, आणि माझ्यातला राग सकाळपासून ह्याच्यावर त्याच्यावर धावून आता दमला होता – दमला म्हणजे विझला नव्हता, माझ्याच समोर येऊन बसला होता, त्या दुसऱ्या लाल खुर्चीत, ऐसपैस, जसा काही घरचाच. टॅबवर दोन चौकोन उघडे. बोट त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेवर, जिथे काहीच दाबलं जात नाही. तरी मी तिथेच दाबत होतो.